भावना, मूल्य आणि सौंदर्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यातील संग्रहालये, वाडे आणि देवळे पाहत फिरणाऱ्या आमच्या मराठी आस्वादवर्गात एकाच मुद्द्याभोवतीचे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. एखादी वस्तू मोलाची किंवा सुंदर आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात वस्तूचा वाटा किती आणि आपल्या मनाचा किती? अशा प्रश्नांना एकेका ओळीत उत्तर देणे अन्यायाचे होते, म्हणून येथे ती सविस्तर दिली आहेत. जेथे जाणकारांत मतभेद आहेत, तेथे मी माझे मत माझे म्हणूनच मांडले आहे.

भावना बाजूला ठेवून सौंदर्याचा किंवा मूल्याचा निवाडा करता येतो का?

येत नाही, आणि तसा प्रयत्न करणेही इष्ट नाही, असे मला वाटते. भावना हा निवाड्यावर पडलेला डाग आहे आणि तो पुसला की स्वच्छ निर्णय हाती येईल, ही समजूत शिकल्यासवरल्या लोकांत फार खोल रुजलेली आहे. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने 1739-40 मध्येच तिला धक्का दिला होता. त्याचे म्हणणे असे की, अमुक केल्याने तमुक होईल एवढे बुद्धी सांगू शकते. पण त्या तमुकाची इच्छा मुळात का धरावी, हे ती एकटी ठरवू शकत नाही. पुढे 1994 मध्ये मेंदूविकारतज्ज्ञ अंतोनिओ दमासिओ यांनी कपाळामागच्या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांची निरीक्षणे मांडली. त्यांची स्मरणशक्ती, भाषा आणि बुद्धिमापनातील गुण शाबूत होते, मात्र भावना बोथट झाल्या होत्या. असा रुग्ण एखाद्या गोष्टीचे फायदे-तोटे बिनचूक मांडून दाखवी, पण निवड करण्याची वेळ आली की अडून बसे, किंवा स्वतःचे नुकसान होईल असा निर्णय घेई. अमुक गोष्टीला महत्त्व आहे हे त्याला कळत होते. जाणवत मात्र नव्हते.

कमाटीबागेतील संग्रहालयात अकोट्याच्या कांस्यमूर्ती आहेत. 1951 मध्ये बडोद्याजवळच्या अकोट्यात सापडलेला हा जैन मूर्तींचा संग्रह साधारण पाचव्या ते बाराव्या शतकातला आहे. त्यातील चामरधारिणीची उंची, धातूचे मिश्रण, शतक, ओतकामाची पद्धत हे सारे आपण वहीत उतरवून घेतले, तरी ती सुंदर आहे हे वाक्य त्या नोंदींतून आपोआप निघत नाही. कमरेत किंचित झुकून उभ्या असलेल्या त्या आकृतीसमोर आपले लक्ष खिळते, अंगात एक हलका ताल जाणवतो, आणि तेव्हाच आपण 'सुंदर' म्हणतो. मूल्य जाणवण्याचे दार भावनेचेच आहे. तपासायचे उरते ते एवढे की, ही भावना समोरच्या वस्तूबद्दलची आहे, की आपल्याच चालू सुखदुःखाबद्दलची. पुढील बहुतेक उत्तरे याच भेदावर उभी आहेत.

मग 'ज्याची त्याची आवड' असे म्हणून विषय संपवावा का?

तसे म्हणणे सोपे आहे, परंतु आपण स्वतः तसे वागत नाही. एखाद्या गायकाला आपण वर्षभर ऐकतो आणि मग म्हणतो, 'पूर्वी मला हे कळत नव्हते.' आवड ही केवळ आवडच असती, तर त्यात कळण्यासारखे काहीच नसते. ह्यूमनेच 1757 मधील आपल्या निबंधात या अडचणीचा विचार केला. रसिकाची भावना हीच कसोटी, हे त्याने सोडले नाही. पण कोणाची भावना, कोणत्या अवस्थेतली, हे विचारले. सूक्ष्म भेद टिपणारी संवेदना, सराव, पुष्कळ कृतींची तुलना, पूर्वग्रहांपासून मोकळीक आणि समंजसपणा, या गोष्टी ज्याच्या ठायी आहेत त्याचा अनुभव अधिक भरवशाचा, असे त्याचे उत्तर होते. ते अपुरे आहे, कारण असे रसिक ओळखायचे कोणी हा वाद शिल्लक राहतोच. तरीही मला ते उपयोगी वाटते. भावना ही कमावता येते, तिला वळण लागते, एवढे त्यातून निश्चित होते.

या बाबतीत रससिद्धान्त काय सांगतो?

या प्रश्नाला बडोद्यात विशेष अर्थ आहे. भरताच्या नाट्यशास्त्रावर काश्मीरचा तत्त्वज्ञ अभिनवगुप्त याने लिहिलेली 'अभिनवभारती' ही टीका, मूळ ग्रंथासह, येथील गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतून रामकृष्ण कवी यांच्या संपादनाने छापली जाऊ लागली. पहिला खंड 1926 मध्ये निघाला. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने 1916 पासून ही माला चालू झाली होती. पुढच्या काळात मराठीत रसावर जी चर्चा झाली, तिला या प्रकाशनाचा मोठा आधार मिळाला.

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात आठ रस आणि त्यांचे आठ स्थायी भाव, म्हणजे मनात कायम वसलेल्या मूळ भावना, सांगितले आहेत : रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा आणि विस्मय. अभिनवगुप्ताने शांत हा नववा रस आग्रहाने मांडला. महत्त्वाचे हे की, भाव आणि रस एकच नव्हेत. घरात कोणी दगावले असता होणारा शोक हा भाव. तो माझा असतो, त्याला माणूस, तारीख आणि पत्ता असतो. रंगमंचावर हरिश्चंद्र तारामतीला विकायला उभी करतो तेव्हा मनात हलणारा शोक कोणा एकाचा राहत नाही. भट्टनायक या आधीच्या मीमांसकाने आणि त्याच्यामागून अभिनवगुप्ताने याला साधारणीकरण म्हटले. भाव व्यक्तीपासून सुटतो, पण नाहीसा होत नाही. तो चाखता येण्याजोगा होतो.

अभिनवगुप्ताने रसास्वादाची सात विघ्नेही मोजली आहेत, आणि माझ्या मते आपल्या विषयाचा गाभा तेथे आहे. त्यांपैकी एक विघ्न म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखाच्या अधीन होणे. घरी भांडून आलेला प्रेक्षक समोरचा प्रयोग पाहत नाही, तो आपले भांडणच पाहतो. यावर उपाय म्हणून त्याने गीत, वाद्ये आणि सजवलेला मंडप यांचा उल्लेख केला आहे. संगीत नाटकाची नांदी चालू असताना प्रेक्षागृहात हळूहळू जी शांतता पसरते, ती ज्यांनी अनुभवली आहे त्यांना हा उपाय वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. भावना काढून टाका असे तो म्हणत नाही. खाजगी भावनेची पकड सैल करा, म्हणजे दुसऱ्या भावनेला जागा होईल, असे म्हणतो. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने 1790 मध्ये सौंदर्यनिर्णय निःस्वार्थ असावा असे सांगितले, ते याच्या जवळ जाते. परंतु कांटच्या मांडणीत हृदयाला भिडणे हे शुद्ध सौंदर्यनिर्णयाबाहेर पडते, तर रससिद्धान्तात ते केंद्रस्थानी आहे. मला दुसरी वाट अधिक पटते.

दुःखाची गोष्ट पाहून समाधान कसे मिळते?

याचे बहुतेक उत्तर वर आलेच आहे. शोक साधारण झाला की त्यातील असहायता गळते, कारण तेथे आपल्याला काही करायचे नसते, काही गमवायचेही नसते. उरते ते एकाग्र होऊन पाहणे. कीर्तनात हरिश्चंद्राचे आख्यान लावले असता डोळे पुसणाऱ्या बायाबापड्या दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच आख्यानाला येतात. रडण्याची हौस म्हणून त्या येतात, असे हिणवणाऱ्याने कीर्तन नीट ऐकलेले नसते.

आजीच्या देवघरातील रविवर्म्याची छापील तसबीर आम्हांला राजवाड्यातील मूळ चित्राहून सुंदर वाटते. यात आमची चूक आहे का?

बडोद्यातील मराठी घरांतून हा प्रश्न सर्वांत अधिक येतो, म्हणून त्याला जरा वेळ द्यायला हवा.

आधी इतिहास पाहू. 1875 ते 1882 या काळात बडोद्याचे दिवाण असलेले सर टी. माधवराव हे तंजावरच्या मराठी कुळातले, आणि त्यापूर्वी त्रावणकोरचे दिवाण. रविवर्म्याचा बडोद्याशी संबंध जुळण्यात त्यांचा हात होता. सयाजीराव महाराजांना 1881 मध्ये राज्याधिकार मिळाले, त्या सुमारास रविवर्मा येथे आला आणि त्याने राजघराण्याची व्यक्तिचित्रे काढली. पुढे महाराजांनी त्याच्याकडून पौराणिक विषयांवरील चौदा चित्रांची मालिका करवून घेतली. ती 1890 मध्ये पूर्ण झाली. ही चित्रे पाहायला लोटलेली गर्दी आणि माधवरावांनी पूर्वीच सुचवलेली छपाईची कल्पना, या दोहोंतून 1894 मध्ये मुंबईत त्याचा शिळाछापखाना उभा राहिला. यंत्रे जर्मनीहून आली. नंतर तो कारखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. एकेका रंगासाठी वेगळा दगड तयार करून, एकावर एक छाप देऊन ही चित्रे निघत, आणि ज्या घरात तैलचित्र कधीच आले नसते त्या घरात लक्ष्मी आणि सरस्वती भिंतीवर आल्या.

आता त्या तसबिरीकडे जवळून पाहा. काचेच्या आतल्या बाजूने कागद पिवळसर पडलेला असतो. लक्ष्मीच्या साडीच्या काठावर कोणीतरी खरी जर आणि टिकल्या चिकटवलेल्या असतात; हे काम घरोघरच्या बायका हौसेने करीत आणि बाजारातही तशा सजवलेल्या तसबिरी मिळत. काचेवर, कपाळाच्या जागी, वर्षानुवर्षे लावलेल्या कुंकवाचा तांबूस थर जमलेला असतो, तो पुसला तरी पुरता जात नाही. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात उदबत्तीच्या धुराची काळी रेघ असते. राजवाड्याच्या आवारातील फतेहसिंह संग्रहालयात मूळ चित्रासमोर आपण उभे राहतो तेव्हा यांपैकी काहीही तेथे नसते. तेथे असते ते तेलरंगातून फुटणारे त्वचेचे तेज, पाण्यावरचा उजेड, वस्त्राच्या चुण्यांतून आकार फिरवण्याचे कसब. छाप्यात हे बरेचसे हरवते. चेहऱ्यावरची सावली तर पुष्कळ वेळा नुसता करडा डाग होते.

म्हणून उत्तर दुहेरी आहे. चित्रकला म्हणून मूळ चित्र श्रेष्ठ आहे, आणि तसबीर अधिक प्रिय वाटते म्हणून ते मत बदलू नये. पण आपली ओढ खोटी आहे असेही समजू नये, कारण ती ज्याबद्दल आहे ती गोष्ट तसबिरीत खरोखरच आहे : आजीच्या बोटाचे कुंकू, तिची जर, रोजची सांजवात. ती वस्तू एका घराच्या भक्तीचा दस्तऐवज झाली आहे आणि दस्तऐवज म्हणून तिचे मोल मूळ चित्रालाही येणार नाही. गोंधळ होतो तो 'सुंदर' या एकाच शब्दात आपण दोन्ही भावना कोंबतो तेव्हा. मी वर्गात सुचवतो की, आधी 'मला हिच्याबद्दल काय वाटते' हे मोकळेपणाने सांगावे आणि मग 'हिच्यात मला काय दिसते' हे सांगावे. पहिल्या वाक्यात आजी येईल, दुसऱ्यात रेषा आणि रंग येतील. दोन्ही वाक्ये खरी असू शकतात.

जे सवयीचे असते तेच आपल्याला आवडते, हे कितपत खरे?

बरेचसे खरे, पण पूर्ण नव्हे. 1968 मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी दाखवून दिले की, अर्थ माहीत नसलेली चिन्हे किंवा अनोळखी चेहरे नुसते वारंवार दाखवले तरी लोकांचा कल त्यांच्याकडे झुकतो. बडोद्यात वाढलेल्या मराठी माणसाला नवरात्रात गरब्याचा ढोल ऐकून जे उधाण येते, ते नव्याने आलेल्या पाहुण्याला पहिल्याच रात्री येत नाही.

मात्र 2013 मध्ये लीड्स विद्यापीठातील अभ्यासकांनी याला एक महत्त्वाची पुस्ती जोडली. विद्यार्थ्यांना त्यांनी दोन चित्रकारांची चित्रे वारंवार दाखवली : एकोणिसाव्या शतकातील मान्यवर इंग्रज चित्रकार मिले, आणि गोडगुलाबी देखाव्यांसाठी प्रसिद्ध असलेला अमेरिकन चित्रकार किंकेड. परिचय वाढत गेला तशी किंकेडची पसंती चक्क घटली. वारंवार पाहण्याने केवळ सवय होत नाही. वस्तूत जे आहे ते, आणि जे नाही तेही, दिसू लागते. उस्ताद फैयाज खाँ बडोदे दरबारचे गायक होते. त्यांच्या जुन्या तबकड्यांतील खरखर पहिल्यांदा ऐकणाऱ्याला त्रासदायक वाटते, पण पुन्हा पुन्हा ऐकल्यावर कानाला ती आड येत नाही आणि नोमतोमच्या, म्हणजे निरर्थक अक्षरांवर केलेल्या, आलापीचा भरदार डौल उभा राहतो. सवय लागल्यावर वस्तू आणखी देत राहते की रिती होत जाते, हे पाहणे ही मला माहीत असलेली सर्वांत प्रामाणिक परीक्षा आहे.

वाटणीच्या वेळी जुन्या वस्तूंची किंमत ठरवताना भावंडांत वाद का होतात?

कारण प्रत्येक जण वेगळ्या गोष्टीची किंमत करीत असतो. सराफ जुनी मोहनमाळ हातात घेतो, कस लावतो, वजन करतो, घट धरतो आणि घडणावळीचा एक पैसाही न मोजता आकडा सांगतो. माहेरी राहिलेल्या बहिणीला तो आकडा अपमानासारखा लागतो. परगावी असलेल्या भावाला तो वाजवी वाटतो. दोघेही लबाड नसतात.

आपल्या हाती असलेली वस्तू सोडताना माणूस तिची किंमत वाढवून धरतो, हे प्रयोगांतूनही दिसले आहे. कानेमन, नेच आणि थेलर यांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग दिले आणि काहींना दिले नाहीत. ज्यांच्याकडे मग होते त्यांनी विकण्यासाठी मागितलेली किंमत, घेणाऱ्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या दुपटीहून अधिक होती. थोड्या मिनिटांच्या मालकीने एवढे होते, तर तीन पिढ्यांच्या मालकीने काय होईल? 2004 मधील आणखी एका प्रयोगात, दुःखद चित्रफीत पाहिलेल्या लोकांनी आपल्याकडची वस्तू कमी किमतीत द्यायची तयारी दाखवली आणि नवी वस्तू घेण्यासाठी मात्र जास्त पैसे देऊ केले. ज्या दुःखाचा वस्तूशी सुतराम संबंध नव्हता, त्याने किंमत हलवली. अशा प्रयोगांतील आकडे छोट्या गटांचे असतात, त्यामुळे त्यांवर फार भार टाकू नये. पण तेराव्याच्या आसपास वाटणीला बसू नये, हे जुन्या माणसांचे म्हणणे मला त्यामुळे अधिकच रास्त वाटते.

व्यवहारात एक गोष्ट निश्चित उपयोगी पडते. 'ही वस्तू कोणाला घरात हवी आहे' आणि 'हिचा बाजारभाव किती' या दोन बैठका वेगवेगळ्या कराव्यात. पहिल्या बैठकीत पैशाचा विषय काढू नये. पुष्कळ घरांत असे आढळते की, ज्या समईवरून कडाक्याचे भांडण होणार होते, ती खरोखर एकाच व्यक्तीला हवी असते. बाकीच्यांना फक्त आपल्याला विचारले जावे असे वाटत असते.

आपली त्या दिवशीची मनःस्थिती मत बदलते का?

बदलते, विशेषतः तिचे कारण आपल्या ध्यानात नसते तेव्हा. 1983 मधील एका प्रसिद्ध अभ्यासात नॉर्बर्ट श्वार्ट्झ आणि जेराल्ड क्लोर यांनी लोकांना दूरध्वनीवरून आयुष्यातील समाधानाविषयी विचारले. उन्हाच्या दिवशी समाधान अधिक आणि पावसाळी दिवशी कमी नोंदले गेले. मात्र आधी हवामानाची चौकशी केली असता हा फरक पुसट झाला. पुढे मोठ्या पाहण्यांत हवामानाचा असा ठाशीव परिणाम आढळला नाही, हे सांगणे आवश्यक आहे. तरीही भावनेचे खरे कारण ओळखले की तिची ढवळाढवळ कमी होते, हा त्यातील विचार आस्वादात कामाला येतो. मे महिन्यातील दुपारी, पोटात भूक असताना पाहिलेल्या चित्राबद्दल कायमचे मत बनवू नये. शक्य तर दुसऱ्या वेळी पुन्हा जावे.

भव्य वस्तू पाहून मन दडपते. ते सौंदर्यच का?

त्याला सौंदर्याचे भावंड म्हणावे. सुरसागर तलावातील सर्वेश्वर महादेवाची 111 फुटी मूर्ती पाहताना किंवा लक्ष्मीविलास राजवाड्याच्या दर्शनी भागासमोर प्रथमच उभे राहताना जे होते, तो आपल्या परंपरेतील विस्मय. एडमंड बर्क याने 1757 मध्ये भव्य आणि सुंदर यांना वेगळे काढले आणि भव्यतेच्या मुळाशी सुरक्षित अंतरावरून जाणवणारे भय आहे, असे म्हटले. विस्मय हा आकाराला लगेच प्रतिसाद देतो, म्हणून घडणीची पारख करताना त्याच्यावर एकट्यावर विसंबू नये. अकोट्याच्या मूर्ती आकाराने लहान आहेत.

एखाद्या चित्राची किळस किंवा लाज वाटली, तर ते वाईट समजावे का?

घाई करू नये. जुगुप्सा हा स्थायी भावांतच आहे आणि बीभत्स हा रस आहे. तेव्हा किळस आली एवढ्यावरून कृती नापास होत नाही. अधिक फसवी असते ती लाज, विशेषतः 'हे हलक्या लोकांचे' असे वाटायला लावणारी. या शहराला तिचा चांगला धडा मिळालेला आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललितकला शाखा 1950 मध्ये सुरू झाली. मूळचे इंदूरचे ना. श्री. बेंद्रे तेथे चित्रकला शिकवीत. तेथील वर्तुळात वावरलेल्या भूपेन खख्खर यांनी, जे व्यवसायाने हिशेबनीस होते, घड्याळे दुरुस्त करणारा, न्हावी, शिंपी अशी बाजारपेठेतील माणसे रंगवली आणि त्यासाठी कॅलेंडरे, पाट्या, देवादिकांच्या तसबिरी यांतील भडक रंग आणि बाळबोध मांडणी उचलली. ज्यांना अभिरुचीची चाड होती त्यांना हे रंग खटकले. त्या खटकण्यात चित्राविषयीचे निरीक्षण किती होते आणि बाजाराशी आपले नाते दिसू नये ही धडपड किती होती, हे प्रत्येकाने आपल्यापुरते तपासण्यासारखे आहे. देवघरातल्या तसबिरीवर प्रेम करणारा आणि दिवाणखान्यात तिची लाज बाळगणारा माणूस पुष्कळदा एकच असतो.

माणसांच्या रूपाबद्दलचे निवाडेही असेच चालतात का?

होय, आणि तेथे नुकसान जिवंत माणसाचे होते. 1972 मध्ये डायन, बर्शीड आणि वॉल्स्टर यांच्या अभ्यासात केवळ छायाचित्रे पाहून लोकांनी देखण्या व्यक्तींना अधिक सुशील, यशस्वी आणि सुखी ठरवले. रूपाने झालेला आनंद नकळत स्वभावाच्या खात्यावर जमा झाला. आपल्या लग्नाच्या जाहिरातींत 'गोरी' आणि 'सुसंस्कृत' हे शब्द ज्या सहजतेने शेजारी बसतात, त्यामागे हीच गल्लत आहे. वधूपरीक्षेच्या त्या अर्ध्या तासात एका मुलीच्या बुद्धीबद्दल, कष्टाळूपणाबद्दल, मायेबद्दल मते तयार होतात आणि त्यांना तिच्या वर्णाखेरीज काहीही आधार नसतो. कलेच्या बाबतीत आपल्या भावनेचा उगम तपासणे ही रसिकता आहे. माणसाच्या बाबतीत ते कर्तव्य आहे.

आधुनिक चित्र पाहून मला काहीच वाटत नाही. दोष कोणाचा?

बहुधा कोणाचाच नाही. बार्सिलोनातील संशोधकांनी 2014 मध्ये अशा निरोगी लोकांची नोंद केली, ज्यांना संगीत नीट कळते, इतर गोष्टींत आनंदही होतो, पण संगीताने मात्र सुख होत नाही. आपल्या बाबतीत मात्र आधी वेळेचा संशय घ्यावा. गायकवाड घराण्याचे स्मारक असलेल्या कीर्तिमंदिराच्या भिंतींवर चित्रकार नंदलाल बसू यांनी 1939 ते 1946 या काळात चित्रे काढली. गंगावतरणाच्या चित्रासमोर लोक क्षणभर थांबतात, विषय ओळखतात आणि पुढे सरकतात. विषय ओळखणे म्हणजे चित्र पाहणे नव्हे. बा. सी. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे सांगितली. ती मनात धरून एकच रेषा कोठून निघते, कोठे वळते, तिला उत्तर देणारी दुसरी रेषा कोठे आहे, एवढे पाहावे. मर्ढेकर सौंदर्याच्या भावनेला लौकिक भावनांपासून फार काटेकोरपणे तोडतात, ते मला पूर्ण मान्य नाही. पण गोष्टीवर खिळलेली नजर रेषेकडे वळवण्यासाठी त्यांच्याइतका चांगला वाटाड्या मराठीत क्वचित मिळेल.

जुन्या वाड्याबद्दल वाटणारी ओढ हे तो जतन करण्याचे पुरेसे कारण आहे का?

एकटी ओढ पुरेशी नाही. वाड्यात राहणाऱ्याला गळके छप्पर, वाळवी आणि भाऊबंदांची सही न मिळणे यांना तोंड द्यावे लागते. बाहेरून हळहळणाऱ्याला नाही. स्वतःच्या बालपणाची आठवण ही दुसऱ्याने आपले घर न पाडण्याचे कारण होऊ शकत नाही.

परंतु ओढ हा शोधाचा आरंभ असू शकतो. रावपुऱ्याजवळच्या तांबेकर वाड्याचे उदाहरण आपल्यासमोर आहे. 1849 ते 1854 या काळात बडोद्याचे दिवाण असलेले विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर यांचे हे निवासस्थान आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. त्याच्या भिंतींवर कृष्णलीला आणि महाभारतातील प्रसंग आहेत, इंग्रज-मराठे युद्धाची दृश्ये आहेत. एकोणिसाव्या शतकातील बडोद्याच्या मराठी सरदाराला काय पाहायला आवडत होते, हे तेथे भिंतीवरच वाचता येते. हे मोल कोणाच्या आठवणीवर अवलंबून नाही. बडोद्यात प्रथमच पाऊल ठेवणाऱ्या माणसालाही ते दाखवता येते. आपल्या वाड्यात असे दाखवण्यासारखे काय आहे, हे पाडण्याचा निर्णय होण्यापूर्वी पाहून घ्यावे. खांबांवरील नक्षी, कोनाड्यांवरचा रंग, चुन्याच्या थराखाली दडलेली चित्रे, तुळईवर कोरलेले साल यांची मापांसह छायाचित्रे काढावीत, कोणती खोली कशासाठी वापरली जाई हे घरातील वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्यावे, आणि तो संग्रह विद्यापीठाच्या ललितकला शाखेतील संग्रहालयशास्त्र किंवा कलेतिहास विभागातील जाणकारांना दाखवावा. भिंतीवर चित्रे आढळल्यास त्यांवर ओला बोळा फिरवू नये आणि चुना स्वतः खरवडू नये. जुने रंग पाण्याने आणि घासण्याने निघून येतात.